योगाचा क्लास ते विषारी वायू : जपानच्या 'ओम शिनरिक्यो' पंथाचा उदय आणि अंत

तारीख होती २० मार्च १९९५. वार सोमवार. वेळ सकाळी आठच्या आसपास.

टोकियोच्या मेट्रोत ऑफिसला जाणाऱ्यांची नेहमीची गर्दी होती. त्या गर्दीत पाच वेगवेगळ्या गाड्यांमध्ये पाच माणसं चढली. प्रत्येकाकडे एक छत्री आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. ठरलेलं स्टेशन जवळ आलं, तसं त्यांनी पिशव्या पायापाशी ठेवल्या, छत्रीचं घासून टोकदार केलेलं टोक त्यात खुपसलं आणि ते गाडीतून उतरून निघून गेले.

पिशव्यांमध्ये सरीन होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत कीटकनाशकांवर संशोधन चालू असताना सापडलेलं हे रसायन. ते मेंदू आणि स्नायू यांच्यातल्या संदेशांची व्यवस्थाच बिघडवतं. डोळ्यांसमोर अंधारी येते, श्वास लागतो, आणि प्रमाण जास्त असेल तर माणूस गुदमरून मरतो.

त्या हल्ल्यात आधी बारा, आणि नंतर दगावलेले धरून एकूण चौदा जणांचा जीव गेला. यातला चौदावा मृत्यू थेट २०२० मधला. २५ वर्षं अंथरुणाला खिळून राहिलेल्या एका महिलेचा. जखमींचा आकडा पाच हजारांच्या वर गेला.

पण जपानला सगळ्यात मोठा धक्का बसला तो आरोपींची नावं समोर आल्यावर. छत्र्या घेऊन गाडीत चढलेल्या पाच जणांपैकी एक हार्ट सर्जन होता. बाकीचे चौघे विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेले, त्यातला एक तर टोकियो विद्यापीठाचा फिजिक्सचा विद्यार्थी. हे सगळे एका पंथाचे साधक होते. पंथाचं नाव 'ओम शिनरिक्यो', म्हणजे 'ओम, परमसत्याचा धर्म'.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली माणसं असल्या भानगडीत पडलीच कशी? प्रश्न बरोबर आहे. पण त्याच्या इतकाच महत्त्वाचा दुसरा एक प्रश्न आहे. या पंथानं पहिला खून त्याच्या सहा वर्षं आधी केला होता. तक्रारी झाल्या होत्या, पुरावे सापडले होते, बातम्याही छापून आल्या होत्या. मग त्यांना थांबवलं का नाही?

हे समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून सुरुवात करावी लागते.

अर्धवट दिसणारा मुलगा

पंथाचा संस्थापक शोको असाहारा. त्याचं खरं नाव चिझुओ मात्सुमोतो. जन्म २ मार्च १९५५, जपानच्या दक्षिणेकडच्या क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात. वडील तातामी चटया बनवायचे. घरात खाणारी तोंडं खूप आणि कमाई कमी.

चिझुओला लहानपणापासून काचबिंदू होता. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसऱ्यानं थोडंफार दिसायचं. त्याला अंध मुलांच्या निवासी शाळेत घातलं. तिथे बाकीच्या मुलांना अजिबात दिसत नव्हतं आणि याला थोडं दिसत होतं, त्यामुळं तो त्यांच्यावर दादागिरी करायचा, असं त्याच्याबरोबर शिकलेले लोक पुढं सांगत राहिले.

शिक्षण संपल्यावर तो टोकियोच्या बाजूला आला. लग्न केलं. अ‍ॅक्युपंक्चर आणि चिनी औषधांचा धंदा सुरू केला. १९८२ मध्ये विनापरवाना औषधं विकल्याबद्दल त्याला अटक झाली, दोन लाख येनचा दंड बसला आणि धंदा बुडाला.

मग १९८४ मध्ये त्यानं टोकियोच्या शिबुया भागात योगाचा एक क्लास काढला. छोटीशी जागा, मोजकेच विद्यार्थी. तोवर सगळं साधंच होतं.

गाडी रुळावरून घसरली ती १९८५ मध्ये. गूढविद्येवरच्या एका मासिकात त्याचा एक फोटो छापून आला. पद्मासन घातलेला असाहारा जमिनीपासून अधांतरी तरंगतोय, असा तो फोटो होता. मांडी घालून उसळी मारायची आणि नेमक्या क्षणी क्लिक करायचं, की असा फोटो कुणाचाही निघतो. पण त्या एका फोटोनं क्लासला गर्दी होऊ लागली. आजच्या भाषेत सांगायचं तर तो व्हायरल झाला.

१९८६ मध्ये तो भारतात आला. हिमालयात आपल्याला अंतिम ज्ञान मिळालं, असं त्यानं परत गेल्यावर जाहीर केलं. पुढच्या वर्षी त्यानं दलाई लामांची भेट घेतली. त्या भेटीचे फोटो पंथाच्या पुस्तकांत आणि जाहिरातींत वर्षानुवर्षं वापरले गेले. १९८७ मध्येच क्लासचं नाव बदलून 'ओम शिनरिक्यो' झालं.

पंथाची शिकवण म्हणजे मिसळ होती. शंकर ही मुख्य देवता, साधना तिबेटी बौद्ध पद्धतीची, आणि जगाचा अंत जवळ आलाय ही भीती ख्रिस्ती धर्मग्रंथातून आणि नॉस्ट्राडेमसच्या भाकितांतून घेतलेली. इमारतींना त्यांनी 'सत्यम' या संस्कृत शब्दावरून नाव दिलं होतं. जपानी उच्चारात त्याचं 'सातियान' झालं.

शिकलेली माणसं का गेली?

१९८० च्या दशकातला जपान श्रीमंत होता. शाळा, मग चांगलं कॉलेज, मग मोठी कंपनी आणि तिथं निवृत्तीपर्यंत नोकरी, हा रस्ता ठरलेला होता. पण त्या रस्त्यावरून चालणाऱ्या अनेक तरुणांना प्रश्न पडायचा, की हे सगळं कशासाठी? घरी, ऑफिसात या प्रश्नाला उत्तर देणारं कुणी नव्हतं.

असाहाराकडे उत्तर तयार होतं. तेही नुसतं श्रद्धेचं नाही, तर अनुभवाचं. श्वासाचे व्यायाम, उपवास, तासन्‌तास ध्यान यामुळं साधकांना खरोखर प्रकाश दिसायचा, अंगातून वीज गेल्यासारखं वाटायचं. विज्ञान शिकलेल्या मुलांना हा प्रयोग वाटला. स्वतःवर करून पाहिला आणि परिणाम आला, मग गुरू सांगतो ते बाकीचंही खरं असणार, असा हिशेब त्यांनी मांडला. चूक तिथं झाली. व्यायामानं अनुभव येतो, हे खरं होतं. पण म्हणून जग बुडणार आहे आणि फक्त हा गुरूच वाचवणार आहे, हे त्यातून सिद्ध होत नव्हतं.

शिवाय हुशार माणसाला पंथात मान होता. कंपनीत वीस वर्षांनी जे पद मिळालं असतं, ते इथं पंचविशीत मिळायचं. ओसाका विद्यापीठात खगोलभौतिकी शिकलेला हिदेओ मुराई पंथाचा विज्ञानप्रमुख झाला. त्सुकुबा विद्यापीठाचा मासामी त्सुचिया रसायनांच्या प्रयोगशाळेत बसला. क्योटो विद्यापीठात विषाणूंवर काम केलेला सेइइची एंदो जंतूंच्या प्रयोगांकडे लागला. इकुओ हायाशी हा केइओ विद्यापीठातून शिकलेला हार्ट सर्जन आपली नोकरी सोडून पंथात आला.

आत येण्याच्या पायऱ्या होत्या. आधी पुस्तक, मग क्लास, मग शिबिर, मग दीक्षा. प्रत्येक पायरीला पैसे. असाहाराच्या आंघोळीचं पाणी विकलं जायचं. त्याचं रक्त पिण्याच्या दीक्षेला दहा लाख येन लागायचे. गुरूच्या मेंदूतल्या लहरी शिष्याच्या मेंदूत सोडणारं म्हणून तारा लावलेलं एक टोपडं होतं, ते घालून साधक तासन्‌तास बसायचे.

शेवटची पायरी म्हणजे संन्यास. घर, बँकेतले पैसे, सगळं पंथाच्या नावावर करायचं आणि आई-वडिलांशी संबंध तोडायचे. असे संन्यास घेतलेले हजाराहून जास्त लोक पंथाच्या वस्त्यांमध्ये राहायचे. झोप कमी, जेवण एकवेळ, दिवसभर काम आणि कानावर सतत गुरूच्या टेप. अशा अवस्थेत माणसाची शंका घेण्याची ताकदच राहत नाही. आणि शंका आलीच, तरी जायचं कुठं? घर विकलेलं, नोकरी सोडलेली, नाती तोडलेली.

पहिला मृत्यू आणि पहिला खून

१९८८ च्या शरद ऋतूत माउंट फुजीजवळच्या केंद्रात एक साधक शिबिरात विचित्र वागू लागला. त्याला 'शांत' करण्यासाठी थंड पाण्यात बुडवलं गेलं आणि त्यात तो मेला.

हा खून नव्हता. पोलिसांना कळवलं असतं, तर चौकशी झाली असती आणि कदाचित ही गोष्ट इथंच संपली असती. पण पंथ त्या वेळी धार्मिक संस्था म्हणून सरकारी नोंदणी मिळवण्याच्या खटपटीत होता. बातमी फुटली तर नोंदणी अडकेल, म्हणून प्रेत गुपचूप जाळून टाकलं.

हे माहीत असलेल्या एका साधकाला काही महिन्यांनी पंथ सोडायचा होता. तो बाहेर जाऊन बोलेल, या भीतीनं फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याचा गळा आवळून खून करण्यात आला. हा पंथाचा पहिला खून.

या खुनाला असाहारानं धर्माचं नाव दिलं. तिबेटी बौद्ध परंपरेत 'पोवा' नावाची एक साधना आहे. मरणाऱ्याच्या चेतनेला चांगल्या गतीकडे नेण्यासाठी ती करतात. असाहारानं तिचा अर्थ फिरवला. पाप करणारा माणूस जगत राहिला तर त्याचं पाप वाढत जाणार, म्हणून ज्ञानी गुरूनं त्याला मारणं म्हणजे त्याच्यावर उपकारच, असं तो सांगू लागला. पुढच्या सगळ्या हत्यांना पंथात 'पोवा करणं' हाच शब्द होता.

आणि ज्यांनी हे काम केलं, ते कायमचे अडकले. आता पंथ खोटा आहे असं मान्य करायचं, तर आपण खुनी आहोत हेही मान्य करावं लागणार होतं.

ऑगस्ट १९८९ मध्ये टोकियोच्या प्रशासनानं पंथाला धार्मिक संस्थेची नोंदणी दिली. मुलं पळवल्याच्या पालकांच्या तक्रारी येत होत्या, अधिकारी आधी का-कू करत होते. पण पंथानं कार्यालयासमोर आंदोलनं केली, कोर्टाची धमकी दिली. नोंदणीमुळं करात सवलत मिळाली. त्याहून मोठा फायदा असा, की धर्माच्या कारभारात ढवळाढवळ केल्याचा आरोप नको म्हणून यंत्रणा पंथाला हात लावायला कचरू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी सरकारनं धार्मिक गटांवर बरीच दडपशाही केली होती. त्यामुळं युद्धानंतरच्या जपानमध्ये हा विषय नाजूक होता.

वकील साकामोतो

त्सुत्सुमी साकामोतो हे योकोहामाचे वकील. वय ३३. पंथात गेलेल्या मुलांचे आई-वडील त्यांच्याकडे येऊ लागले. साकामोतो यांनी त्यांना एकत्र आणलं आणि पंथाचे दावे एकेक करून तपासायला घेतले. असाहाराच्या रक्तात विशेष गुण आहेत आणि क्योटो विद्यापीठात त्याची तपासणी झाली आहे, असं पंथ सांगायचा. साकामोतो यांनी चौकशी केली, तर अशी तपासणी झालीच नव्हती.

ऑक्टोबर १९८९ मध्ये त्यांनी टीबीएस या टीव्ही चॅनलला मुलाखत दिली. ती दाखवली जाणार हे कळल्यावर पंथाची माणसं २६ ऑक्टोबरला चॅनलच्या ऑफिसात जाऊन धडकली. चॅनलनं त्यांना मुलाखतीची टेप दाखवली, आणि दबावाखाली कार्यक्रमही रद्द केला. पण हे साकामोतो यांना कळवलंच नाही.

नऊ दिवसांनी, ४ नोव्हेंबरच्या पहाटे, पंथाचे सहा जण साकामोतो यांच्या घरात शिरले. आदल्या दिवशी सार्वजनिक सुट्टी होती, म्हणून सगळे घरीच होते. दार उघडं राहिलं होतं. साकामोतो, त्यांची पत्नी आणि १४ महिन्यांचा मुलगा, तिघांनाही मारण्यात आलं. मृतदेह तीन वेगवेगळ्या प्रांतांत नेऊन पुरले.

घरात पंथाचा एक बिल्ला सापडला. तरी तपास पुढं सरकला नाही. साकामोतो ज्या वकिली कार्यालयात होते, त्याचं आणि स्थानिक पोलिसांचं आधीच बिनसलेलं होतं. कुटुंब स्वतःहून कुठंतरी निघून गेलं असेल, असंही म्हटलं गेलं. १९९० मध्ये खून करणाऱ्यांपैकीच एकानं निनावी पत्र पाठवून मुलाला पुरल्याची जागा नकाशासह कळवली. पोलिसांनी शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही.

टीबीएस गप्प राहिलं. टेप दाखवल्याचं त्यांनी १९९६ मध्ये कबूल केलं, आणि चॅनलच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. पण तोवर साडेसहा वर्षं उलटली होती.

निवडणुकीत आपटले, आणि शस्त्रांकडे वळले

फेब्रुवारी १९९० मध्ये असाहारानं संसदेची निवडणूक लढवली. पंथाचे २५ उमेदवार उभे होते. कार्यकर्ते असाहाराच्या चेहऱ्याचे मुखवटे घालून, हत्तीचे पोशाख करून रस्त्यावर नाचायचे. लोकांची करमणूक झाली, मतं मात्र पडली नाहीत. पंचवीसच्या पंचवीस पडले. स्वतः असाहाराला १,७८३ मतं मिळाली.

मतमोजणीत घोटाळा झाला, असं त्यानं शिष्यांना सांगितलं. त्यानंतर पंथाची भाषाच बदलली. जग सुधारण्याऐवजी जग बुडणार आहे आणि आपण लढायला तयार राहिलं पाहिजे, हे सुरू झालं. अणुयुद्ध होणार आणि त्यातून फक्त ओमचे साधक वाचणार, असं असाहारा सांगायचा. भाकीत खरं ठरत नव्हतं, म्हणून ते खरं करण्याची तयारी पंथानंच चालवली.

पैशाला तोटा नव्हता. संन्याशांच्या मालमत्ता होत्या, आणि 'महापोशा' नावाची स्वस्त कॉम्प्युटरची दुकानंही होती. तिथं साधक फुकट राबायचे, त्यामुळं भाव पाडणं परवडायचं. जपानमध्ये पंथाचे सुमारे दहा हजार अनुयायी झाले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियात शिरकाव झाला आणि तिथले अनुयायी जपानपेक्षाही जास्त झाले. रशियातून एक लष्करी बनावटीचं हेलिकॉप्टरही विकत आणलं.

आधी जंतूंचे प्रयोग झाले. १९९३ च्या उन्हाळ्यात टोकियोच्या कामेइदो भागातल्या पंथाच्या इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्सचे जंतू फवारले गेले. घाणेरडा वास येतो, म्हणून शेजाऱ्यांनी तक्रारीही केल्या. जंतू लस बनवण्यासाठी वापरतात त्या निरुपद्रवी जातीचे निघाले, म्हणून कुणी आजारी पडलं नाही.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं एक दूरवरचं कुरण पंथानं विकत घेतलं. तिथं मेंढ्यांवर सरीनचे प्रयोग झाले. आणि माउंट फुजीच्या पायथ्याशी, कामिकुइशिकी गावात, 'सातियान ७' नावाच्या इमारतीत सरीनचा कारखाना उभा राहिला.

मात्सुमोतो : ज्याचा धडा कुणी घेतला नाही

नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात पंथाचा जमिनीचा एक खटला चालू होता. निकाल विरोधात जाणार, असं दिसत होतं. २७ जून १९९४ च्या रात्री पंथाच्या माणसांनी एक खास बनवलेला ट्रक न्यायाधीशांच्या निवासस्थानाजवळ उभा केला आणि त्यातून सरीनची वाफ सोडली. वारा फिरला आणि वायू आसपासच्या घरांमध्ये पसरला. सात जण दगावले, शेकडो आजारी पडले. न्यायाधीश वाचले.

पोलिसांनी संशय घेतला तो शेजारीच राहणाऱ्या एका माणसावर. घटनेची खबर पहिल्यांदा देणाराही तोच, आणि त्याची स्वतःची पत्नी त्या वायूमुळं कोमात गेलेली. घरात बागेसाठीची काही रसायनं सापडली, एवढ्यावरून वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीनं त्याला जवळपास गुन्हेगार ठरवलं. घरी धमक्यांचे फोन येऊ लागले. त्याचं निर्दोषत्व लोकांनी मान्य केलं ते टोकियोच्या हल्ल्यानंतर. त्याची पत्नी शुद्धीवर आलीच नाही, २००८ मध्ये तिचा मृत्यू झाला. मात्सुमोतोचा आठवा बळी ती.

मधल्या काळात कामिकुइशिकीच्या गावकऱ्यांनी उग्र वासाच्या तक्रारी केल्या. झाडंझुडपं करपली होती. पोलिसांनी तिथली माती तपासली, तर त्यात सरीनचे अंश निघाले. १ जानेवारी १९९५ ला 'योमिउरी शिंबुन' या मोठ्या दैनिकानं ही बातमी पहिल्या पानावर छापली.

पंथानं घाईघाईनं साठा नष्ट केला. कारखान्याच्या यंत्रांसमोर शंकराची भली मोठी मूर्ती उभी केली आणि हे देऊळ आहे, असं सांगून पत्रकारांना आत नेऊन दाखवलं. १७ जानेवारीला कोबेमध्ये भूकंप झाला. सहा हजारांवर माणसं मेली आणि सगळी सरकारी यंत्रणा तिकडे धावली.

दोन दिवसांची आघाडी

२८ फेब्रुवारीला टोकियोत भररस्त्यात नोटरी कार्यालयात काम करणाऱ्या एका ६८ वर्षांच्या माणसाला पळवण्यात आलं. त्यांची बहीण पंथातून पळून गेली होती आणि तिचा पत्ता पंथाला हवा होता. औषधाच्या अतिमात्रेनं त्यांचा मृत्यू झाला. पळवण्यासाठी वापरलेल्या भाड्याच्या गाडीवर पंथाच्या एका माणसाच्या बोटांचे ठसे मिळाले. आता टोकियो पोलिसांच्या हातात पक्का पुरावा होता. २२ मार्चला छापे घालायचं ठरलं.

पंथाला याचा सुगावा लागला. १८ मार्चच्या पहाटे असाहाराच्या मोटारीत बैठक झाली. मेट्रोत सरीन सोडलं, तर पोलिसांचं लक्ष दुसरीकडे जाईल, अशी कल्पना निघाली. तिन्ही मार्गांवरच्या पाच गाड्या निवडल्या गेल्या, कारण त्या सगळ्या कासुमिगासेकी स्टेशनवरून जातात. पोलिसांचं मुख्यालय आणि सरकारी मंत्रालयं तिथंच आहेत.

सरीन एका रात्रीत घाईनं बनवलं होतं, त्यामुळं ते शुद्ध नव्हतं. पाच हजारांवर जखमी होऊनही मृतांची संख्या शेकड्यांत गेली नाही, याचं हे मोठं कारण.

तरी जे झालं ते भयंकरच होतं. एका गाडीत कुणीतरी गळणारी पिशवी पायानं कोडेनमाचो स्टेशनच्या फलाटावर ढकलली. त्यामुळं फलाटावर उभे असलेले लोकही बळी पडले. कासुमिगासेकीला डब्यातली सांडलेली पिशवी दोन मेट्रो कर्मचाऱ्यांनी स्वतः उचलून बाहेर काढली. आत काय आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. दोघंही वाचले नाहीत. जवळच्या सेंट ल्यूक रुग्णालयात त्या एका दिवसात सहाशेवर रुग्ण आले. हे सरीन असावं, हे तिथल्या डॉक्टरांना लवकर कळलं, कारण मात्सुमोतोतल्या रुग्णांवर उपचार केलेल्या शिन्शू विद्यापीठाच्या डॉक्टरनं टीव्हीवर लक्षणं पाहून स्वतःहून संपर्क साधला. आदल्या वर्षीचा अनुभव कामाला आला, तो असा एवढाच.

अटक, खटला, फाशी

२२ मार्चला ठरल्याप्रमाणे छापे पडले. सुमारे अडीच हजार पोलीस, तोंडाला गॅस मास्क आणि हातात पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी. विषारी वायू असेल तर पक्षी आधी मान टाकतो, म्हणून. आत रसायनांचे ढीग सापडले. कोंडून ठेवलेली, उपाशी माणसंही सापडली.

पुढचे दोन महिने जपान धास्तावलेला होता. २३ एप्रिलला विज्ञानप्रमुख मुराईला पंथाच्या टोकियोतल्या कार्यालयाबाहेर टीव्ही कॅमेऱ्यांसमोर एका माणसानं भोसकून मारलं. ५ मे रोजी शिंजुकू स्टेशनच्या स्वच्छतागृहात सायनाइडचा वायू सोडणारं साधन वेळेत सापडलं. अखेर १६ मे १९९५ ला असाहारा पकडला गेला. इमारतीच्या दोन मजल्यांमधल्या एका अरुंद कप्प्यात तो रोकड घेऊन पडून होता.

सर्जन इकुओ हायाशीनं पोलिसांपुढं सगळं कबूल केलं, आणि तिथून साखळी उलगडत गेली. सप्टेंबर १९९५ मध्ये साकामोतो कुटुंबाचे मृतदेह सापडले. ज्या बाळाला पुरल्याची जागा पत्रातून कळवली होती, तेही.

पंथाच्या जवळपास दोनशे जणांवर खटले चालले. तेरा जणांना फाशी झाली. हायाशीला कबुलीमुळं जन्मठेप मिळाली. असाहाराचा खटला १९९६ मध्ये सुरू झाला. कोर्टात तो असंबद्ध पुटपुटायचा, नंतर बोलणंच बंद केलं. लोक का मारले, याचं उत्तर त्यानं शेवटपर्यंत दिलं नाही. २७ फेब्रुवारी २००४ ला त्याला फाशी सुनावली, २००६ मध्ये ती कायम झाली. ६ जुलै २०१८ ला त्याला आणि सहा साथीदारांना फाशी दिली, आणि २६ जुलैला उरलेल्या सहा जणांना.

मग पंथ संपला का?

ओम शिनरिक्यो या नावापुरता, हो. १९९५ मध्ये कोर्टानं धार्मिक नोंदणी रद्द केली, पुढच्या वर्षी पंथ दिवाळखोरीत निघाला. जपाननं धार्मिक संस्थांचा कायदा बदलून सरकारला माहिती मागण्याचे जास्त अधिकार दिले. १९९९ मध्ये अशा गटांवर नजर ठेवण्यासाठी वेगळा कायदा आला.

पण पंथावर थेट बंदी आली नाही. २००० मध्ये उरलेल्यांनी 'आलेफ' नाव घेतलं. २००७ मध्ये त्यातून 'हिकारी नो वा' हा गट फुटला, तो आपण असाहाराला सोडल्याचं सांगतो. या सगळ्या गटांत मिळून आजही दीड हजारांच्या वर माणसं आहेत आणि त्यांच्यावर सरकारी नजर आहे. हल्ल्यातल्या अनेकांना अजून डोळ्यांचा त्रास आहे, गर्दीच्या गाडीत चढायची भीती आहे. पंथानं द्यायची नुकसानभरपाई पूर्ण मिळालेली नाही. २००८ मध्ये कायदा करून शेवटी सरकारनंच पीडितांना मदत दिली.

सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे नवी भरती. १९९५ नंतर जन्मलेल्या मुलांना ओम शिनरिक्यो हे नाव फारसं माहीत नाही. त्यांना पंथाचं नाव न सांगता योगाच्या क्लासला, वाचनाच्या ग्रुपला, सोशल मीडियावरच्या गप्पांना बोलावलं जातं, असा इशारा जपानची सुरक्षा यंत्रणा वारंवार देते. ओळख वाढली, विश्वास बसला, की मग गुरूचं नाव सांगितलं जातं. म्हणजे पुन्हा पहिली पायरी तीच, योगाचा क्लास.

क्लासमध्ये वाईट काहीच नसतं, शिबुयातल्या त्या पहिल्या क्लासमध्येही नव्हतं. म्हणून तिथं काय शिकवतात, एवढंच पाहून भागत नाही. हे चालवतं कोण, पैसे कुठं जातात, प्रश्न विचारलेला चालतो का आणि घरच्यांशी बोलायला मनाई आहे का, हे पाहावं लागतं. आणि सगळ्यात आधी, सोडून गेलेल्यांशी बोलावं. ओममध्ये खून झालेला पहिला माणूस सोडून जाऊ पाहणाराच होता.